दातासाठी बोन ग्राफ्ट : दाढ काढायच्या आधी वाचायचे प्रश्न

सांगलीत विश्रामबागच्या बाजूला माझा दवाखाना आहे. हिरड्या आणि दाताभोवतीचं हाड, हेच माझं रोजचं काम. आठवड्यातून एखादा तरी पेशंट असा येतो, की ज्याची दाढ पाच-सहा वर्षांपूर्वी काढलेली असते, आता तिथे इम्प्लांट, म्हणजे नव्या दाताला आधार म्हणून हाडात बसवायचा टायटॅनियमचा स्क्रू, बसवायचा असतो, आणि स्कॅनमध्ये बघावं तर इम्प्लांट धरून ठेवेल एवढं हाडच त्या जागी उरलेलं नसतं. "तेव्हाच कुणी सांगितलं असतं तर?" असं ते विचारतात तेव्हा मला फार वाईट वाटतं. म्हणून पेशंट वारंवार विचारतात ते प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे लिहून ठेवतेय. ज्यांची दाढ काढायची ठरली आहे पण अजून काढलेली नाही, त्यांच्यापर्यंत हे आधी पोचावं.

बोन ग्राफ्ट म्हणजे काय? हाडाचं कलम का?

तासगावकडचे एक द्राक्षबागायतदार काका खुर्चीत बसल्या बसल्या म्हणाले, "म्हणजे आमच्यासारखंच की. डॉगरिजच्या खुंटावर कलम भरायचं." डॉगरिज म्हणजे ज्या खुंटावर द्राक्षाचं कलम भरतात त्याची जात. शब्द बरोबर आहे, ग्राफ्ट म्हणजे कलमच. पण दातांच्या बाबतीत उपमा थोडी बदलावी लागते, आणि ती बदलली की पुढचं सगळं सोपं होतं.

कलमात आपण भरलेला डोळाच फुटतो आणि वाढतो. बोन ग्राफ्टमध्ये आपण जे दाणे घालतो ते बहुतेक वेळा जिवंत नसतात, स्वतः वाढत नाहीत. ते असतात मांडव. वेल तुमचाच. तुमच्या रक्ताची गुठळी, तिच्यात शिरणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या आणि त्यांच्यामागून येणाऱ्या हाड तयार करणाऱ्या पेशी. मांडव नसला की वेल जमिनीवर लोळतो. तसंच दाताच्या खळग्याला आधार नसला की जखम भरते, पण खचून भरते. दाणे असले की हाड त्यांच्या आधाराने उंची-रुंदी धरून भरतं.

काकांनी लगेच पुढचं विचारलं, "मग मांडव आतच राहतो का?" ते दाणे कशाचे आहेत यावर अवलंबून. काही प्रकारचे दाणे काही महिन्यांत विरघळत जातात आणि त्यांची जागा तुमचं हाड घेतं. काही प्रकारचे वर्षानुवर्षं नव्या हाडात मिसळून राहतात. दोन्हींचा उपयोग आहे. कुठे काय हवं ते जागा बघून ठरतं.

दात काढला की हाड झिजतंच का?

हो. दाताभोवतीचं हाड जबड्यात असतं ते दातासाठीच. दाताचं मूळ आणि हाड यांच्यामध्ये बारीक तंतूंचा थर असतो. आपण चावतो तेव्हा या तंतूंमधून हाडाला सतत ओढ मिळत राहते आणि त्या ओढीवर ते हाड टिकतं. दात गेला की तंतू गेले, ओढ गेली. ज्याला काम नाही असं हाड शरीर सांभाळत बसत नाही.

वेग बघितला तर धक्का बसतो. दात काढल्यानंतर पहिल्या सहा महिन्यांत त्या जागच्या हाडाची रुंदी साधारण ३० ते ६० टक्के आणि उंची १० ते २० टक्के कमी होते. त्यातही पहिले तीन महिने सर्वात वाईट. पुढे झीज मंदावते, पण थांबत नाही.

झीज सगळीकडून सारखीही होत नाही. गालाकडची, ओठाकडची भिंत मुळातच पातळ असते. वरच्या पुढच्या दातांवर ती बऱ्याच जणांत एक मिलिमीटरपेक्षाही कमी जाडीची असते, अगदी कांद्याच्या पापुद्र्यासारखी. तीच आधी जाते. म्हणून दात काढलेल्या जागी वर्षभराने बोट फिरवलं तर बाहेरून खड्डा पडल्यासारखा लागतो. घरात कुणाचा जुना दात काढलेला असेल तर आज त्यांना हात स्वच्छ धुऊन बोट फिरवून बघायला सांगा. मी काय म्हणतेय ते लगेच कळेल.

मग ग्राफ्टचा खरा फायदा काय?

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगते. दात काढताना खळग्यात ग्राफ्ट भरला म्हणजे झीज शून्य होते असं कुणी सांगितलं तर ते खरं नाही. झीज होतेच, पण बरीच कमी होते. ग्राफ्ट न भरलेल्या खळग्याच्या तुलनेत सरासरी दीड-दोन मिलिमीटर रुंदी जास्त वाचते.

दोन मिलिमीटर ऐकून पेशंटचा चेहरा पडतो. एवढ्यासाठी एवढा खर्च? पण हिशेब बघा. नेहमीचा इम्प्लांट साधारण चार मिलिमीटर जाडीचा. त्याच्या दोन्ही बाजूंना दीड-दोन मिलिमीटर हाड हवंच, नाहीतर पातळ भिंत पुढे झिजते आणि हिरडीतून धातूची काळपट छटा दिसायला लागते. म्हणजे सात-आठ मिलिमीटर रुंदी पाहिजे. सहा मिलिमीटर उरलं तर पुन्हा हिरडी उघडा, पुन्हा हाड वाढवा, पुन्हा सहा महिने थांबा. दात काढला त्या दिवशी वाचवलेले ते दोन मिलिमीटर म्हणजे पुढचं एक अख्खं ऑपरेशन वाचवणं.

इम्प्लांट करायचा नसला तरी फायदा असतो, हे लोकांना माहीत नसतं. ब्रिज, म्हणजे शेजारच्या दातांच्या आधाराने लावलेला दात, बसवलात तर मधला खोटा दात हिरडीवर टेकलेला असतो. खालचं हाड खचलं की त्याच्याखाली फट पडते, त्यात शेंगदाण्याचं कूट, भाजीचे तंतू, काय वाटेल ते अडकतं, आणि पुढच्या दाताला फट दिसतेही. कवळी वापरणाऱ्यांचं तर सगळं त्या हाडाच्या उंचवट्यावरच उभं असतं. उंचवटा सपाट झाला की कवळी बोलताना हलते, खाताना उचलते.

शेजारच्या दातांचाही विचार करा. मधलं हाड खचलं की त्यांच्या मुळांचा त्या बाजूचा आधार कमी होतो.

ग्राफ्टचा आणखी एक फायदा माझ्या कामात मला सर्वात मोलाचा वाटतो, तो म्हणजे असलेला दात वाचवणं. त्याचं उत्तर खाली वेगळं दिलंय.

प्रत्येक दात काढल्यावर ग्राफ्ट करावाच लागतो का?

नाही. अक्कलदाढ काढली तर सहसा नाही. जिथे पुन्हा दात बसवायचाच नाही, तिथे बहुतेक वेळा नाही. खळग्याच्या चारही भिंती जाड आणि शाबूत असतील, दाढ मागची असेल, तर कधी कधी शरीरावर सोडून देणंही योग्य ठरतं. दात काढून त्याच बैठकीत इम्प्लांट बसवता येण्याजोगी स्थिती असेल तर गणित वेगळं. आणि खळगा पुवाने भरलेला असेल तर आधी स्वच्छता, मग ग्राफ्ट. घाणीत मांडव घालून उपयोग नाही.

तुम्हाला प्रत्येक दातासाठी ग्राफ्ट सुचवला जात असेल तर "का?" विचारायचा तुम्हाला हक्क आहे. आणि पुढचा दात काढताना ग्राफ्टचं कुणी नावच काढलं नाही, तर तोही प्रश्न तुम्हीच काढा.

दात काढून खूप वर्षं झाली. आता काही होऊ शकतं का?

होऊ शकतं, पण काम वाढतं. खालच्या जबड्यात कड पातळ झाली असेल तर तिच्या बाहेरून दाणे रचून वर पडदा घालतात. पडदा कशासाठी? हिरडीच्या पेशी भराभर वाढतात, हाडाच्या पेशी सावकाश. मध्ये आडोसा नसला तर हिरडीच आधी आत शिरून जागा बळकावते. रुंदी फारच कमी असेल तर शेवटच्या दाढेमागून किंवा हनुवटीतून हाडाची छोटी चकती घेऊन बारीक स्क्रूने बसवतात. याला चार ते सहा महिने थांबावं लागतं.

वरच्या मागच्या दाढांची गोष्ट वेगळी. त्यांच्या मुळांच्या वरच सायनस असतो, गालाच्या हाडातली हवेची पोकळी. सर्दीत गाल जड होतो ना, तीच जागा. दाढ गेली की खालून हाड झिजतं आणि वरून ही पोकळी खाली पसरते. दोन्हीकडून हाड कमी. दहा मिलिमीटर हवं असताना दोन-तीन उरलेलं मी कितीदा बघितलंय. तिथे सायनस लिफ्ट करतात. सायनसच्या तळाची नाजूक त्वचा अलगद वर उचलायची आणि तिच्याखाली तयार झालेल्या जागेत ग्राफ्ट भरायचा. ती त्वचा अंड्याच्या कवचाच्या आतल्या पापुद्र्यासारखी असते, त्यामुळे हात फार हलका लागतो. अमेरिकेतल्या बॉयन आणि जेम्स यांनी १९८० मध्ये या पद्धतीवर लेख छापला. आज ती नेहमीची झालीय. भरायला सहा ते नऊ महिने जातात.

हे सगळं नको असेल तर आखूड इम्प्लांट किंवा असलेल्या हाडात तिरके बसवलेले इम्प्लांट असे पर्याय असतात. ते तुमच्या तोंडात बसतात का, हे सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा थ्रीडी स्कॅन, बघूनच सांगता येतं. साध्या एक्स-रेमध्ये हाडाची रुंदी दिसत नाही, म्हणून स्कॅनचा आग्रह धरावा लागतो.

ते हाड येतं कुठून? आम्ही शाकाहारी आहोत, माळकरी आहोत.

आमच्या भागात जैन, लिंगायत, माळकरी घरं खूप. एका आजींनी सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी हळूच विचारलं, "बाळ, ते कुणाचं हाड असतं?" हा प्रश्न विचारायला लाजू नका. उलट, तो डॉक्टरांनी तुमच्या आधी काढायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

चार प्रकार आहेत. पहिला, स्वतःचंच हाड. सर्वात उत्तम, कारण त्यात जिवंत पेशी असतात. पण ते काढायला दुसरी जखम करावी लागते.

दुसरा, माणसाने दान केलेलं हाड. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात १९८८ पासून टिश्यू बँक आहे. तिथे दान आलेल्या हाडावर प्रक्रिया होते, ते गोठवून वाळवलं जातं आणि गॅमा किरणांनी निर्जंतुक करून छोट्या बाटल्यांमधून येतं. काहींमधले क्षार काढून टाकलेले असतात. त्यामागे एक शोध आहे. १९६५ मध्ये मार्शल युरिस्ट या अमेरिकी अस्थितज्ज्ञांनी दाखवलं की क्षार काढलेलं हाड प्राण्याच्या स्नायूत ठेवलं तर तिथेही नवं हाड तयार होतं. म्हणजे हाडात असं काहीतरी असतं की जे आजूबाजूच्या पेशींना "हाड बनवा" असा निरोप देतं. योगायोग असा की त्याच १९६५ साली स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांनी पहिल्या माणसाच्या जबड्यात टायटॅनियमचे इम्प्लांट बसवले. आज आम्ही जे करतो त्याची दोन्ही मुळं एकाच सालातली.

तिसरा प्रकार प्राण्यांच्या हाडाचा, बहुतेक गाईगुरांच्या. जगात हा खूप वापरला जातो, चांगलाही आहे, पण आमच्याकडे अनेकांना चालत नाही. न सांगता वापरणं मला मान्य नाही.

चौथा प्रकार कृत्रिम. कॅल्शियम आणि फॉस्फेटची संयुगं किंवा बायोॲक्टिव्ह काच. यात प्राण्याचा अंश नसतो. लहान खळग्यासाठी हे दाणे चांगलं काम करतात.

आजींसाठी आम्ही कृत्रिम दाणे वापरले. पण एवढ्यावर विषय संपत नाही. वर घालायचा कोलॅजनचा पडदा सहसा गाईच्या किंवा डुकराच्या कातडीतून किंवा ऊतीतून तयार होतो, आणि टाका रेशमाचा असतो. म्हणून पडद्याऐवजी आजींच्याच रक्तापासून केलेला थर वापरला आणि टाके नायलॉनचे घातले. तुम्हाला काय चालतं, काय नाही, ते आधी स्पष्ट सांगा. पर्याय निघतो.

हलणारा दात ग्राफ्टने वाचतो का?

काही वेळा नक्की वाचतो. हिरडीच्या आजारात दाताभोवतीचं हाड झिजतं. ही झीज दोन तऱ्हेची असते. सगळीकडून सारखी खाली गेली असेल तर ग्राफ्ट टिकायला जागाच नसते. सपाट माळावर ओतलेलं धान्य जसं पसरून जातं तसं होतं. पण दाताच्या एका बाजूला खोल, अरुंद खड्डा पडला असेल आणि त्याच्या दोन-तीन भिंती शाबूत असतील, तर तो खड्डा म्हणजे कणगीच. तिथे भरलेला ग्राफ्ट टिकतो, वर हाड धरतं, दात घट्ट होतो.

कडेगावकडच्या एका मावशींच्या खालच्या दाढेला असाच आठ मिलिमीटरचा खड्डा होता. त्यांना दोन ठिकाणी दाढ काढायला सांगितलं होतं. दाढ रूट कॅनालने वाचण्यासारखी होती, खड्ड्याला तीन भिंती होत्या. मावशींची मिश्री सुटायला दोन महिने लागले, तोवर मी ग्राफ्टला हात लावला नाही. नंतर केलं. आज त्या दाढेने त्या भाकरी चावतात. इम्प्लांट कितीही चांगला असला तरी स्वतःच्या मुळावर उभ्या असलेल्या दाढेची सर त्याला नाही. म्हणून दात काढायच्या आधी हा प्रश्न विचारा: "वाचवता येईल का?"

मिश्री, तंबाखू, सिगारेट चालते का?

नाही. यात मी तडजोड करत नाही.

तंबाखूने हिरडीच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्त कमी पोचतं. मांडवावर चढणाऱ्या वेलाचं पाणीच तोडल्यासारखं. जखम उघडी पडते, जंतुसंसर्ग होतो, दाणे बाहेर येतात. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी पुड्या कुठे मिळतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. आणि मिश्रीला तर आमच्याकडे बायका व्यसन मानतच नाहीत, "दात घासते" म्हणतात. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. किमान दोन आठवडे आधी बंद आणि नंतर निदान दोन-तीन महिने बंद. कायमची सुटली तर मला त्या दिवशी खरा आनंद होतो.

शुगर आहे. ग्राफ्ट करता येईल?

शुगर ताब्यात असेल तर येईल. एचबीए१सी, म्हणजे मागच्या साधारण तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी तपासणी, ७ च्या आसपास असावी. ८ च्या वर असेल तर मी थांबायला सांगते आणि तुमच्या फॅमिली डॉक्टरांशी बोलते. दाढ काही पळून जात नाही.

मी आधीपासून गोळ्या घेतो. सांगायला हव्यात का?

सगळ्या सांगा, चिठ्ठीसकट घेऊन या. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेलसारख्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या स्वतःहून बंद करू नका; बहुतेक वेळा त्या चालू ठेवूनच काम होतं, आणि बंद करण्याचा निर्णय हृदयाच्या डॉक्टरांचा.

हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी, वर्षातून एकदा किंवा सहा महिन्यांनी घ्यायचं इंजेक्शन, किंवा कॅन्सर हाडात पसरल्यावर दिली जाणारी अशीच औषधं, यांच्याबद्दल विसरू नका. या औषधांमुळे जबड्याची जखम न भरण्याचा, हाड उघडं पडून मरण्याचा धोका असतो. दवाखान्यात फॉर्म भरताना लोक बीपी-शुगर लिहितात आणि वर्षातून एकदाच घेतलेलं इंजेक्शन विसरतात. घरच्या मंडळींनी लक्षात ठेवून सांगावं.

दुखतं का? खुर्चीत नेमकं काय होतं?

जागा बधीर केलेली असते. दाबल्यासारखं, खरवडल्यासारखं जाणवतं, दुखत नाही. एका खळग्याचं काम साधारण अर्धा ते पाऊण तासात होतं.

दात हलक्या हाताने, भिंत न तोडता काढायचा. हे सर्वात महत्त्वाचं. घाईत ओढलेल्या दाताबरोबर बाहेरची भिंतच तुटून आली तर पुढचा ग्राफ्ट कितीही महाग असो, अर्धी लढाई हरलेली असते. मग खळग्यातला लाल, मऊ, किडका मांसल भाग खरवडून काढायचा, खालून स्वच्छ हाड लागून ताजं रक्त यायला हवं. एका छोट्या वाटीत दाणे सलाईनमध्ये किंवा तुमच्याच रक्तात भिजवतात. ते ओल्या वाळूसारखे दिसतात. चिमूट चिमूट करून खळग्यात भरतात, पण ठासून नाही. दाण्यांमध्ये रक्ताला वाट राहिली पाहिजे. वर पडदा, आणि त्यावर टाके.

रक्तापासूनचा थर कसा करतात, असं विचारतात. हातातून थोडं रक्त घेऊन नळ्या एका फिरत्या यंत्रात दहा-बारा मिनिटं फिरवतात. तांबड्या पेशी तळाशी जातात आणि मध्ये पिवळसर, जेलीसारखा गोळा जमतो. तो दाबला की पातळ पडदा होतो. फ्रान्सच्या जोसेफ शुक्रून यांनी २००१ मध्ये ही पद्धत आणली. जखम लवकर मिटायला त्याने मदत होते.

भूल उतरल्यावर दोन दिवस ठणका, तीन-चार दिवस सूज. गोळ्यांनी आटोक्यात राहतं.

घरी काय सांभाळायचं?

पहिलं, हळद दाबू नका. सांगलीची हळद जगात नावाजलेली आहे, तिला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं, आणि म्हणूनच आमच्याकडे प्रत्येक जखमेवर हात तिच्याकडे जातो. पण टाक्यांमध्ये पूड शिरली की ती बाहेरची घाणच ठरते. हळद दुधातून प्या.

पहिल्या दिवशी थुंकू नका, खळखळून गुळण्या नकोत, नळीने काही ओढून पिऊ नका. दुसऱ्या दिवसापासून डॉक्टरांनी दिलेलं औषधी पाणी तोंडात धरून नुसतं सोडायचं. झोपताना उशी एक जास्त. गार शेक पहिल्या दिवशीच, बाहेरून. दुधात कुस्करलेली भाकरी, मऊ भात, आमटी, केळं चालेल. भडंग नको, त्यातला एखादा दाणा खळग्यात अडकला तर निघता निघत नाही. ऊस सोलून खाणं तर महिनाभर विसरा.

तोंडात वाळूचे चार-दोन कण आल्यासारखे वाटतील. घाबरू नका, वरचे सुटे दाणे थोडे येतातच. पण बरेच दाणे येत असतील, टाके सुटले असतील, तिसऱ्या दिवसानंतर दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढलं असेल, ताप आला किंवा पू दिसला, तर त्याच दिवशी फोन करा.

सायनस लिफ्ट झालं असेल तर दोन आठवडे नाक शिंकरायचं नाही आणि शिंक आली तर तोंड उघडं ठेवून द्यायची. दाबून धरलेली शिंक ती नाजूक त्वचा फाडू शकते.

ग्राफ्ट वाया जाऊ शकतो का?

जाऊ शकतो. जंतुसंसर्ग, पडदा लवकर उघडा पडणं, तंबाखू, बेताल शुगर ही नेहमीची कारणं. वाया गेला तर दाणे काढून जागा स्वच्छ करतात, भरू देतात आणि काही महिन्यांनी पुन्हा विचार करतात. असं झालं की पेशंटपेक्षा डॉक्टरला कमी वाईट वाटत नाही, एवढं सांगते.

खर्च झेपेल का?

खर्च मुख्यतः दाणे किती ग्रॅम, कोणत्या प्रकारचे आणि पडदा कोणता यावर ठरतो. एका खळग्याला बहुधा अर्धा ग्रॅम किंवा त्याहून कमी पुरतं. आधी लेखी अंदाज मागा, त्यात दाण्यांचं नाव आणि वजन लिहून मागा, आणि वापरलेल्या बाटलीचं लेबल तुमच्या फाइलला चिकटवून घ्या. पुढे कधी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलात तर ते लेबल फार कामाला येतं.

आपल्या भागात दंत महाविद्यालयं आहेत हे भाग्य. सांगलीत भारती विद्यापीठाचं, कवलापूरला वसंतदादा पाटील यांच्या नावाचं, सातारा जिल्ह्यात कराडला कृष्णाचं. कॉलेजच्या दवाखान्यात प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम होतं आणि खर्च खासगीपेक्षा कमी येतो. वेळ जास्त लागतो, फेऱ्या वाढतात. ज्यांना पैशाची चणचण आहे त्यांना मी स्वतः तिकडे चिठ्ठी देते.

आईचं वय ७४ आहे. या वयात एवढं कशाला?

नुसतं वय हे कारण नाही. तब्येत, औषधं आणि तोंडाची स्वच्छता बघायची.

माझ्या आईचे खालचे सगळे दात मी कॉलेजात असतानाच निघाले. त्या वेळी ग्राफ्टचा विषयही कुणी काढला नाही. वीस वर्षांत तिचा खालचा जबडा इतका सपाट झाला की कवळी नुसती तरंगायची. लग्नाच्या पंगतीत ती पदर तोंडाला लावून जेवायची आणि घरी येऊन पुन्हा जेवायची. तिच्या जबड्यात पुढच्या बाजूला, हनुवटीच्या वर, सुदैवाने हाड होतं. एका बाजूला थोडा ग्राफ्ट घालून दोन इम्प्लांट बसवले आणि कवळी त्यांच्यावर बटणासारखी अडकवली. तेव्हा ती ७१ वर्षांची होती. पूर्ण जबड्याचं मोठं ऑपरेशन तिला झेपलं नसतं आणि त्याची गरजही नव्हती. म्हाताऱ्या माणसासाठी सगळं काही करायचं नसतं. कवळी हलणार नाही एवढं करायचं असतं.

मुलाचा पुढचा दात कबड्डीत पडला. वय १४. ग्राफ्ट आणि इम्प्लांट करायचा का?

इम्प्लांट आत्ता नाही. जबडा वाढत असतो आणि इम्प्लांट वाढत नाही. चार वर्षांत तो शेजारच्या दातांपेक्षा आखूड, आत बुडालेला दिसायला लागतो. वाढ पूर्ण होईपर्यंत थांबायचं, मुलींमध्ये ती थोडी आधी होते, मुलांमध्ये उशिरा. तोवर तात्पुरता दात लावता येतो. दाताचं मूळ जागेवर शिल्लक असेल तर ते काढायची घाई करू नका. काही वेळा वरचा भाग कापून मूळ हिरडीखाली तसंच ठेवतात, म्हणजे हाडाची जागा टिकून राहते.

पण दात अख्खा निघून मातीत पडला असेल तर हे सगळं नंतर. मुळाला हात न लावता दात वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचला. माती लागली असेल तर दुधाने किंवा स्वच्छ पाण्याने क्षणभर धुवा, घासू नका. जमत असेल तर तसाच खळग्यात बसवून मुलाला रुमाल चावायला द्या. नसेल जमत तर वाटीभर गार दुधात टाका. कागदात, कापडात गुंडाळू नका. अर्ध्या तासात दवाखान्यात पोचायचं, तासाच्या पुढे वेळ जाऊ द्यायचा नाही. रात्र असली तरी दार वाजवा.